भरल्या टाकीचं दुखणं

पिकलेल्या सोयाबीनच्या रानाजवळ भर दुपारी उभं राहिलं, तर बारीक तडतड ऐकू येते. फोडणीतली मोहरी संपत आल्यावर येते तशी, थांबून थांबून. उन्हानं शेंगा फुटतात आणि दाणे मातीत उडतात. शेतकऱ्याच्या घरात हा आवाज कुणालाच आवडत नाही, कारण त्याचा अर्थ एकच असतो: कापणीला उशीर झाला. मला मात्र तो आवाज ऐकला की डिझेलचा वास येतो. जवळपास डिझेलचा थेंब नसला तरी येतो.

यंदाही आला. नांदेडहून लातूरला निघालेली बस अहमदपूरच्या पुढे आली आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीन दिसायला लागलं. बाया फणीसारख्या फळ्यांनी दाणे पसरत होत्या, दूर कुठं मळणी यंत्राचा धुरळा वर चढत होता. खिडकीतून भुसकटाचा खाजरा वास आत आला. त्याच्या पाठोपाठ, सवयीनं, तो दुसरा वासही आला. तळहातावर राहतो, साबणानं जात नाही, भाकरीच्या घासाबरोबर तोंडात येतो, तो.

मी विष्णुपुरीजवळ मुलींचं एक वसतिगृह सांभाळते. माझ्या कामात यादीशिवाय चालत नाही. किल्ल्या, गाद्या, पाण्याचा टँकर, घरी कोण गेलं, परत कोण आलं. मुली माझ्या माघारी मला ‘यादीबाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. डोक्यात ठेवलेली गोष्ट सांडते, कागदावर ठेवलेली राहते. एवढ्या साध्या तत्त्वावर माझं बरंच आयुष्य नीट चाललं आहे. पण एका सुगीनं या तत्त्वाला एक लहानसा प्रश्न विचारून ठेवला, आणि दर सुगीला तो प्रश्न परत दारात उभा राहतो.

आमचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. भूकंपानंतर गाव उठलं आणि नव्या जागी गेलं. सरळ रस्ते, एकासारखं एक घर, दारापुढं लावलेली झाडं. रानं मात्र जिथल्या तिथं राहिली. माणसं हलवता येतात, जमीन हलवता येत नाही. पूर्वी परसदारातून दिसणारी आमची काळी आता मैलोगणती लांब पडली. मधे ओढा. आणि पाऊस झाला की ती माती अशी धरते की पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. बैलगाडी तिथं रुतते, मोटारसायकल आडवी होते. म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कुठल्याशा सरकारी लिलावातून एक जुनी डिझेल जीप आणली. चारही चाकांनी ओढणारी. दारं नाहीत, वर ताडपत्रीचं छत, आणि आवाज असा की ती ओढ्यापलीकडे असतानाच आई इकडे तवा ठेवायची.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात जेवायला जाताना त्या जीपमध्ये किती माणसं बसायची याला हिशेब नव्हता. भज्जीचं पातेलं मधे, भाकरीचं टोपलं कुणाच्या तरी डोक्यावर, आणि आंबिलीची घागर माझ्या मांडीवर, तोंडाला पांढरं फडकं बांधून. अण्णा इतके सावकाश चालवायचे की आंबील हिंदकळायची, पण सांडायची नाही. ओढ्यात उतरताना ते मागे न बघता म्हणायचे, “मंगल, धरलीस का?” मी म्हणायची, “धरली.” एवढंच. आजही कुठं उतार आला की माझे हात आपोआप मांडीवर जातात.

जीपचा एकही काटा कधी हलला नाही. डिझेल किती आहे हे बघायला अण्णांनी तुराटी ठेवली होती. तूर झोडपून झाली की जी वाळकी, सरळ काठी उरते, ती. सीटच्या मागे खोचलेली असायची. टाकीचं झाकण काढायचं, तुराटी तळाला टेकवायची, वर काढायची, ओलं कुठवर आलं ते अंगठ्यानं धरायचं. आमच्या घरातल्या प्रत्येकाला ही विद्या येते. आणि त्यावर अण्णांचा एक नियम होता. गाडी कुठंही आणि कशानंही बंद पडो, बोनेटला हात लावायच्या आधी तुराटी घालून बघायची. “आधी पोट बघावं, मग डोकं,” ते म्हणायचे. घरात कुणी आजारी पडलं तरी हाच नियम लागू व्हायचा.

आई गेल्यावर अण्णा गावात एकटेच राहू लागले. माझा धाकटा भाऊ विलास लातूरला एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. तो दर आठवड्याला जायचा, मी सणावाराला. दोघांच्या मनात एकच काळजी होती आणि दोघांनीही ती बोलायची टाळली होती. मग एका वर्षी सुगीच्या तोंडाला जीप बंद पडायला लागली.

चालता चालता बंद. एकदा ओढ्याच्या चढावर, एकदा भर रानात, एकदा औशाच्या रस्त्यावर, मागे उसाचा ट्रक असताना. त्या ट्रकवाल्यानं काय काय म्हटलं ते गावात पोचायला वेळ लागला नाही. गंमत अशी की कुणी मदतीला पोचेपर्यंत जीप परत चालू झालेली असायची, आणि अण्णा काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं स्टिअरिंगवर बसलेले असायचे.

“चालता चालता दम सुटल्यावानी होती,” त्यांनी मला फोनवर सांगितलं. “आधी ओढायची कमी होती, मग गप. आन् एक सांगू का मंगल? टाकी फुल असली की लवकर पडती. अर्धी असली की न्हाई पडत.”

मी ते ऐकून घेतलं. विलासनं ऐकलं तेव्हा त्यानं मला वेगळा फोन केला.

“अक्का, ऐकलीस का? फुल असली की बंद पडती म्हणं. डिझेल संपलं म्हणून गाडी थांबती हे आपल्याला म्हाईत हाय. जास्त झालं म्हणून थांबती, असं कुठं असतं का?”

“नसतं,” मी म्हटलं.

“मग?”

त्या ‘मग’चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता. अण्णांना घरातल्या गोष्टी कधी कधी सापडत नव्हत्या. एकाच कानानं ऐकू येत होतं. आणि आता हे.

विलासनं जीप लातूरला खाजाभाईंच्या गॅरेजात नेली. अण्णा सोबत होते, आणि मी दुसऱ्या कामानं आलेली असल्यामुळं मीही. खाजाभाई बोलण्यातही आणि कामातही मोकळे. आल्या आल्या त्यांनी टाकीचं झाकण काढलं, तुराटी मागून घेतली, घालून बघितली. “डिझेल तो भरपूर है,” म्हणून झाकण बाकावर ठेवलं आणि वर आपला चहाचा ग्लास ठेवला. मग दिवसभर काम चाललं. फिल्टर नवा. जोडांचे वॉशर नवे. टाकी उतरवून धुतली, तळाशी निघालेला काळा गाळ त्यांनी आम्हाला कौतुकानं दाखवला. पाईपात हवा मारून बघितली.

“अण्णा, डिझेलच्या गाडीला दोनच रोग,” खाजाभाई समजावत होते. “एक तर डिझेल पोचत न्हाई, न्हाई तर कुठून तरी हवा घुसती. थांबा, दाखवतो.” त्यांनी लाईनमध्ये एक पारदर्शक नळी बसवली आणि इंजिन चालू केलं. आम्ही सगळे वाकून त्या नळीकडे बघत राहिलो. पिवळसर डिझेल शांतपणे सरकत होतं. “दिसला का एक तरी बुडबुडा? नै ना? मग हवा नै.”

अण्णा म्हणाले, “टाकी फुल असली की पडती, खाजाभाई.”

खाजाभाई हसले. त्यांचा हसण्याचा हेतू वाईट नव्हता, हे आजही सांगते. “अण्णा, गाडी में कुछ नै. अब ड्रायव्हर का फिल्टर बदलो.”

विलास हसला. गॅरेजातले दोघं-तिघं हसले. अण्णाही हसले, पण सगळ्यांचं झाल्यावर, एकटेच.

परत येताना गावाजवळच्या पंपावर विलासनं टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावून कुलूप घातलं. हे कुलपाचं झाकण त्यानंच मागच्या हिवाळ्यात बसवलं होतं, रानात उभ्या जीपमधलं डिझेल कुणीतरी चोरल्यावर. जीपचं इंजिन बटणावर चालू व्हायचं, त्यामुळं त्या अख्ख्या गाडीला चावी लागणारी ही एकच जागा होती. चावी आजवर अण्णांकडे असायची, ती त्यानं आपल्या खिशात टाकली.

“आता सुगी होस्तोवर डिझेल टाकायचं काम न्हाई. झाकण उघडायचंबी काम न्हाई,” तो अण्णांना म्हणाला. आणि मग, अण्णा रस्त्याकडे बघत असताना, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, मला म्हणाला, “अक्का, एवढ्यावर अजून एकदा बंद पडली ना, तर जीप भंगारात आन् अण्णा नांदेडला तुझ्याकडं. रस्त्यात कुणी उडवलं तर काय करायचं?”

मी हो म्हटलं. खरं तर मी त्याच्या पुढे गेले होते. तळमजल्यावरची खोली रिकामी करून घेतली होती. न्हाणीत धरायला दांडी बसवली होती. त्यांच्याबरोबर काय काय आणायचं त्याची यादी करून झाली होती. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या होस्टेलात पोरीच घेतात ना? मला कुठल्या खोलीत घालतीस?”

“तळमजल्यावर.”

“आन् संध्याकाळी हजेरी घेतीस?”

“घेईन.”

“मग पळून जाता यायचं न्हाई,” ते म्हणाले.

मी सुटी टाकून त्या सुगीत गावाकडे थांबले. सोयाबीन कापून रानात गंजी लावली होती. मळणी यंत्राची पाळी अजून यायची होती, आणि परतीचा पाऊस आमच्याच पाळीची वाट बघत असल्यासारखा औशाच्या बाजूनं रोज थोडा थोडा जवळ येत होता. सोयाबीनचं तसंच असतं. उभं असताना सोसतं, कापून पडलं की एक चांगली सर त्याला काळं करून टाकते.

त्या दिवशी आभाळ सकाळपासूनच जड होतं. गंजीवर घालायची ताडपत्री अपुरी होती, म्हणून आम्ही जीपनं दोन-तीन ठिकाणी फिरून आणखी मागून आणल्या. दुपारनंतर रानाकडे निघालो. अण्णा चालवत होते, मी बाजूला, मागे ताडपत्र्यांची चळत. ओढा ओलांडला. पलीकडच्या चढावर समोर आमची गंजी दिसायला लागली, आणि जीपचा आवाज बदलला. जाड आवाज बारीक झाला. अण्णांनी गियर उतरवला, पाय दाबला. जीप दोन आचके देऊन थांबली.

ती थांबल्यावर जी शांतता झाली, तिच्यात शेजारच्या न कापलेल्या रानातली तडतड ऐकू आली.

अण्णांनी मागे हात घातला. सीटमागची तुराटी काढली, उतरले, टाकीपाशी गेले. आणि तिथंच उभे राहिले. झाकणाला कुलूप. त्यांनी तुराटीचं टोक झाकणावर हलकेच टेकवलं, एखाद्याच्या बंद दारावर वाजवावं तसं.

“चावी?”

“विलासकडं.”

“हां,” ते म्हणाले.

मग बोनेट उघडलं. फिल्टरजवळचा हातपंप मारून मी दमले, ते दमले. पंपाचा दट्ट्या आत जायचा आणि कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा वर यायला कुरकुरायचा. हवा काढायचा स्क्रू सैल केला तर तिथून ना हवा आली, ना डिझेल. टाकी काठोकाठ भरलेली आणि तिच्यातला थेंब पुढे सरकायला तयार नाही. औशाच्या बाजूला वीज चमकली.

अण्णा जाऊन बांधावर बसले. हात धोतराला पुसले. “लाव फोन,” ते म्हणाले. “विलासला सांग पडली म्हणून.”

मी फोन काढला. हे सांगितलं की काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. जीप जाणार होती, तिच्यामागे रान दुसऱ्याच्या हाती बटईनं जाणार होतं, आणि त्याच्यामागे हा माणूस माझ्या तळमजल्यावर येऊन दांडी धरून न्हाणीत जाणार होता. विलासचं नाव समोर आलं होतं. पण माझी सवय मोडत नाही. एखादी मुलगी वेळेवर परतली नाही की मी आधी फोन करत नाही, आधी क्रम लावते: कुठं जाते, कुणाबरोबर, रोजच्यापेक्षा आज वेगळं काय.

“अण्णा, आजवर दर वेळी चालू कशी झाली?”

“कशी म्हंजे? झाली.”

“तसं नाही. बंद पडली. पुढं तुम्ही काय करायचे?”

“उतरायचं. पोट बघायचं. पंप मारायचा. बटण दाबायचं. चालू.”

“आणि आज?”

“आज काय. उतरलो, पंप मारला…” ते थांबले. “पोट न्हाई बघितलं.”

“बघितल्यानं काय होतं?”

“काय व्हतंय? डिझेल हाय का न्हाई ते कळतंय.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टाकीकडे, मग हातातल्या तुराटीकडे. “बघितल्यानं काय व्हतंय,” ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी मला नव्हे.

ते उठले. मोठा स्क्रूड्रायव्हर आणि चाकाचा पाना घेऊन टाकीपाशी आले.

“विलास बोलल,” ते म्हणाले.

“विलासला मी बघते. तुम्ही तोडा.”

दोन घाव कुलपानं सोसले. तिसऱ्याला ते वाकलं आणि झाकण किंचित उचललं गेलं. त्या फटीतून आवाज आला. बाहेर नाही, आत जाणारा. लांब, ओढलेला. पाण्याखाली फार वेळ राहिलेलं माणूस वर येऊन पहिला श्वास घेतं, तसा. अण्णांचा ऐकू येणारा कान झाकणाकडे नव्हता, त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, “काय झालं गं?”

“हवा आत गेली.”

“कुठं?”

“टाकीत. ओढून घेतली तिनं.”

त्यांनी हातपंपावर अंगठा ठेवून दाबला. दट्ट्या आत गेला आणि टुणकन वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. स्क्रूपाशी फेस आला, मग फेस सरून स्वच्छ डिझेल वाहिलं, त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून. त्यांनी स्क्रू आवळला. मी बटण दाबलं. जीप पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखी चालू झाली. टाकीच्या तोंडावर मी माझा रुमाल सैल ठेवला आणि आम्ही निघालो.

गंजीवरच्या शेवटच्या ताडपत्रीला दगड ठेवत होतो तेव्हा पाऊस आला. ताडपत्रीचा एक कोपरा डोक्यावर धरून आम्ही दोघं गंजीला टेकून बसलो. आतून सोयाबीनची कोरडी ऊब पाठीला लागत होती, बाहेर काळ्या मातीतून तिचा तो कडक वास वर येत होता. अण्णांच्या हातात ते झाकण होतं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं. आतल्या बाजूला जुन्या ट्यूबची कापलेली रबरी चकती होती. झाकण नीट बसत नव्हतं म्हणून विलासनं सुगीच्या तोंडाला ती स्वतः कापून घातली होती. थेंब बाहेर जाऊ नये, चोराचा हात आत जाऊ नये म्हणून.

“जुन्या झाकणाला भोक व्हतं,” अण्णा म्हणाले. “सुईयेवढं. मला वाटायचं मोडलंय.” नखानं चकती उचकटत ते स्वतःशीच जुळवत गेले. “टाकीतनं जेवढं डिझेल जातं, तेवढी हवा मागनं यायला पायजे. इथनं येतच नव्हती. मग टाकी डिझेलला धरून ठेवायची, सोडायचीच न्हाई. आन् अर्धी असली की आत आधीचीच हवा हाय, ती पुरायची. फुल असली की…” ते थांबले.

पावसाचा आवाज वाढला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हंजे मी म्हणत व्हतो ते खरं व्हतं.”

त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. वाक्य इतकं हळू होतं की ते त्यांनी स्वतःलाच सांगितलं असावं. तेव्हा मला कळलं की त्यांच्याबद्दल शंका घेणारे फक्त आम्ही दोघं नव्हतो. गॅरेजात सगळ्यांच्या मागून एकटे हसले, त्या दिवसापासून तेही घेत होते. फुल टाकीला गाडी पडते हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, आणि असं नसतं हे सगळं जग सांगत होतं. अशा वेळी शहाणा माणूस डोळ्यांवरच संशय घेतो.

विलास दुसऱ्या दिवशी आला. तुटलेलं कुलूप त्यानं बघितलं, चकती बघितली, सगळं ऐकलं. चकती ओढ्याकडे भिरकावली, झाकण दगडावर ठेवलं आणि खिळा-हातोडा घेऊन त्याला भोक पाडलं. मग झाकण तोंडाला लावून त्या भोकातून फुंकून बघितलं, आणि अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनीही फुंकून बघितलं. “जाती,” ते म्हणाले. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात. खाजाभाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “मेरे यहाँ तो ढक्कन हमेशा खुलाच था, अण्णा! बीमारी बाकावर ठेवून मी पेशंट तपासून राहिलो!”

नांदेडला परतल्यावर तळमजल्यावरची खोली मी दोन नव्या मुलींना दिली. दांडी तशीच राहिली. त्या तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याजवळ आहे. जीप बंद पडायची, आम्ही बघायला झाकण उघडायचो, आणि उघडण्यानंच ती बरी व्हायची. म्हणून दुखणं कधी सापडलं नाही. संध्याकाळी मी मुलींच्या खोल्यांतून फिरते. प्रत्येक दार उघडते, बरं आहे ना विचारते, आणि प्रत्येक मुलगी बरी असते. दार उघडल्यामुळं बरी असते की मुळातच बरी असते, हे मला कोणत्या कागदावरून कळणार? अण्णांना रोज फोन करते. गोळी घेतली का, जेवलात का, झोप लागली का. सगळ्याला एकच होकार, “हाव.” पूर्वी त्या ‘हाव’पुढे खूण करून मी फोन ठेवायची. आता ठेवत नाही. माझे प्रश्न संपले तरी थोडा वेळ फोन कानाला धरून गप्प राहते. कधी काहीच येत नाही. कधी तिकडून आपणहून येतं, “आज नवीन तुरीला फूल दिसलं,” किंवा “तुझी आई सपनात आली व्हती, चिडलेली.” यादीत या गोष्टींना रकाना नाही. मी तो आखायच्या भानगडीतही पडले नाही.

यंदा लातूरच्या बसस्थानकावर उतरले तर अण्णा बाहेर जीप घेऊन उभे. विलासकडे कालच आले होते म्हणे. मी डाव्या बाजूनं चढायला गेले तर ते आधीच त्या बाजूला येऊन बसले.

“आता तू चालव,” ते म्हणाले. “समोरनं ऊन आलं की मला रस्ता पांढरा दिसाय लागलाय.”

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कसली चावी काढून घेतली नव्हती. मी पिशवी मागे टाकली, उजवीकडे बसले आणि बटण दाबलं. शहराबाहेरच्या पंपावर थांबलो. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, फुल करू का?”

“त्यांना विचारा.”

अण्णा सावकाश उतरले. झाकण काढलं. सीटमागची तुराटी घेतली, टाकीत तळापर्यंत घातली, वर काढली आणि ओल्यावर अंगठा धरून उन्हात बघितली. पंपावरचा माणूस नळी धरून हसू दाबत उभा होता. अण्णांनी तुराटी धोतराला पुसली.

“कर फुल,” ते त्याला म्हणाले. “भोक हाय आता झाकणाला.”